डोक्यावरचा स्लॅब, बिलातला स्लॅब

पत्र थोडक्यात: परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. घरात सहा माणसं: सासू-सासरे, नवरा-बायको, शाळेत जाणारी दोन मुलं. स्लॅबचं घर, हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वर मोकळी गच्ची. हिवाळ्यात महिन्याला शंभराच्या आसपास युनिट पडतात; एप्रिल-मेमध्ये आकडा ३३० वर जातो. सासरे (घरात सगळे त्यांना आबा म्हणतात) दिवसभर मागं फिरून बत्त्या मालवतात, चार्जर उपटून ठेवतात आणि त्यावरून रोज खटके उडतात. दिरांनी पंधराशे रुपयांचं ‘वीज बचत यंत्र’ मागवून प्लगात लावलं, बिल जागचं हललं नाही. जाऊबाई म्हणतात इंडक्शन घे. नवऱ्याचं म्हणणं, हप्त्यावर एसी घेऊ आणि मागोमाग सोलर टाकू, मग बिलच येणार नाही. शेजारी सांगतात, मीटरच पळतंय. सोबत उपकरणांची आणि ती रोज किती तास चालतात त्याची यादी जोडली आहे. विचारलंय ते एवढंच: ‘पाच हजारांच्या आत काही होण्यासारखं आहे का? आणि आबांना कसं समजावू? — बिलाला वैतागलेली’

ताई,

तुम्ही तासांची यादी पाठवली, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. नाहीतर बिलाच्या भांडणात प्रत्येकाकडे मत असतं आणि आकडा कोणाकडेच नसतो.

आधी तुमच्या यादीचाच हिशेब मांडू. हजार वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट, एवढं एकच सूत्र लागतं. तुमचे तीन साधे छतपंखे प्रत्येकी ७५ वॅटचे. आबांच्या खोलीतला १८ तास, हॉलमधला १६, तुमच्या खोलीतला १२. मिळून ४६ तास, म्हणजे महिन्याला १०३ युनिट. पत्र्याचा कूलर पंपासकट १९० वॅट, १२ तास: ६८ युनिट. बारा वर्षांचा फ्रीज भर उन्हाळ्यात दिवसाला दोनेक युनिट खातो: ६०. बोअरची एक एचपीची मोटर रोज तासभर: ३३. (एक एचपी म्हणजे ७४६ वॅट खरं, पण तेवढं काम ती बाहेर देते, मीटरमधून ओढते हजार-अकराशे.) टीव्ही, सेट टॉप बॉक्स, इस्त्री, मिक्सर, वॉशिंग मशीन मिळून ३७. इन्व्हर्टर ११. स्वयंपाकघरातली जुनी चोकवाली ट्यूब ८. सात एलईडी बल्ब रोज पाच तास: साडेनऊ. चारही फोन चार्जर प्लगात अडकवून ठेवले तर: अर्धा युनिट. दिवसाला नव्हे, महिन्याला.

बेरीज करून बघा, ३३० च येते. त्यामुळे मीटर पळत असल्याचा संशय तूर्त बाजूला ठेवायला हरकत नाही, तरी त्याची परीक्षा पुढे सांगितली आहे.

आता आबांकडे येऊ. नऊ वॅटच्या बल्बामागं ते दिवसभर फिरले तरी महिन्याला दोन-तीन युनिट वाचतील. पण ते चुकीचं काही करतात असं मला वाटत नाही. त्यांची सवय शंभर वॅटच्या पिवळ्या बल्बाच्या काळातली आहे, आणि त्या काळी ती अगदी बरोबर होती. तेव्हा रिकाम्या खोलीतला दिवा हीच घरातली मोठी नासाडी असायची. आता तिची जागा रिकाम्या खोलीतल्या पंख्यानं घेतली आहे. पंखा खोली गार करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो. माणूस नसलेल्या खोलीत तो नुसता मीटर फिरवतो, आणि एक पंखा म्हणजे आठ एलईडी बल्ब. टीव्हीखालचा सेट टॉप बॉक्सही तसाच. रिमोटनं टीव्ही बंद केला तरी तो दहा-बारा वॅट ओढतच राहतो. चोवीस तासांचे महिन्याला साडेआठ युनिट होतात, म्हणजे घरातल्या सगळ्या बल्बांच्या जवळपास तेवढेच. आबांना बत्त्या सोडायला सांगू नका. बत्तीऐवजी पंख्याचं आणि सेट टॉप बॉक्सचं बटण त्यांच्या ताब्यात द्या. तक्रार म्हणून सांगितलं तर ऐकणार नाहीत, पण हिशेब म्हणून वरचे आकडे त्यांनाच मांडायला लावा.

आता बिलातला स्लॅब, म्हणजे दराचा थर. महावितरणच्या घरगुती बिलात पहिले १०० युनिट एका दरानं, १०१ ते ३०० दुसऱ्या, ३०१ ते ५०० तिसऱ्या आणि पुढचे चौथ्या दरानं लागतात. गावोगाव एक गैरसमज आहे की शंभराच्या वर एक युनिट गेलं की सगळं बिल वाढीव दरानं येतं. तसं होत नाही. वाढीव दर वरच्या युनिटांनाच लागतो. पण तो दर जवळपास दुप्पट आहे, आणि तीनशेच्या पुढे अडीच पटीच्या आसपास. त्यावर पुन्हा १६ टक्के वीज शुल्क. तुमच्या बिलाच्या मागच्या बाजूला किंवा तपशिलात ‘वीज आकार’ आणि ‘वहन आकार’ हे दर छापलेले असतात. दोन्हींची बेरीज म्हणजे एका युनिटाची खरी किंमत. यातून निघणारी गोष्ट अशी की वाचवलेलं प्रत्येक युनिट वरच्या थरातून कमी होतं. तुमचे पहिले तीस युनिट वाचले तर ते सर्वांत महागडे तीस वाचतात. म्हणून ३३० वरून अडीचशेवर येण्यात जेवढा पैसा आहे, तेवढा हिवाळ्यात शंभरावरून वीस युनिट वाचवण्यात नाही. उन्हाळ्याचे तीन महिने धरा, बाकीचे सोडून द्या.

आणि उन्हाळ्यात तुम्ही ज्याच्याशी झगडताय तो दुसरा स्लॅब, डोक्यावरचा.

करडा, जुना, शेवाळलेला काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत ते खोलीत ओकतो. बाहेर वारा गार झालेला असतो आणि आत छतपंखा स्लॅबखालची गरम हवा अंगावर लोटत असतो. पंख्याचे १८ तास आणि कूलरचे १२ तास त्यातून आले. आपल्याकडच्या माळवदाच्या घरात हा त्रास नव्हता. फूट-दीड फूट मातीचा थर उन्हाला दुसऱ्या दिवसापर्यंत थोपवायचा. स्लॅब पाच इंचाचा, तो कसा थोपवणार? त्याच्यावर ऊन टिकूच न देणं हा स्वस्त उपाय आहे. जुनं काँक्रीट जेमतेम तीस टक्क्यांच्या आसपास ऊन परतवतं, ताजा पांढरा चुना सत्तर टक्क्यांच्या घरात. खोलीत दोन-तीन अंशांचा फरक पडतो. आकडा लहान वाटतो, पण रात्री कूलर दहाला बंद करता येतो की पहाटेपर्यंत चालवावा लागतो, ते या दोन-तीन अंशांवर ठरतं.

पाचशे चौरस फूट गच्चीला तीन हातांसाठी १२ ते १५ किलो कळीचा चुना घ्या. आदल्या दिवशी लोखंडी पिंपात आधी पाणी घेऊन त्यात चुना थोडा थोडा सोडा. प्लास्टिकच्या बादलीत नको, चुना उकळतो आणि बादली वितळते. मुलांना लांब ठेवा, डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच. चुन्याचा शिंतोडा डोळ्याला कायमची इजा करू शकतो. रात्रभर मुरल्यावर किलोला साधारण चार-पाच लीटर या हिशेबानं पाणी करून जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळा. दर दहा किलोला पाऊण ते एक किलो फेविकॉलसारखा पांढरा डिंक कोमट पाण्यात पातळ करून मिसळा. चकाकीसाठी चिमूटभर नीळ चालेल. काही जण चुना पक्का बसावा म्हणून मीठ घालतात. भिंतीला एकवेळ ठीक, स्लॅबला कधीही नको. मिठाचं पाणी चिरांतून आतल्या सळईपर्यंत गेलं की ती गंजते आणि पाच-सात वर्षांनी आतून पोपडे पडू लागतात.

आधी गच्ची खराट्यानं झाडून, शेवाळ तारेच्या ब्रशनं खरवडून, धुऊन घ्या. चिरा असतील तर त्या आधी भरा. चुना द्यायचा तो संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, स्लॅबवर हलकं पाणी शिंपडून. लोक नेमके इथंच चुकतात. सकाळी अकराला तापल्या स्लॅबवर चुना ओढला की पाणी दहा मिनिटांत उडून जातं, चुन्याला धरायला वेळच मिळत नाही आणि आठवड्यात तो पायाला पिठासारखा लागतो. एक जाड हात देण्यापेक्षा तीन पातळ हात द्या, पहिला उभा, दुसरा आडवा, तिसरा पुन्हा उभा; दोन हातांत एक रात्र जाऊ द्या. पाडव्याच्या आसपास हे उरकलं की पूर्ण उन्हाळा मिळतो. मेमध्ये काळ्या रानाची धूळ बसून गच्ची पुन्हा करडी होते, म्हणून आठवड्याला एकदा कोरडा झाडू मारा. पावसाळ्यात बराचसा चुना धुऊन जातो; दर वर्षी एक-दोन हात द्यावे लागतात. गच्चीचं पाणी बोअरमध्ये किंवा टाकीत सोडत असाल तर पहिले दोन पाऊस बाहेर जाऊ द्या.

संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायची सवय मात्र सोडा. दोनशे लीटर ओतलं तरी ते वाहून-वाळून जातं, आणि ते पाणी बोअरच्या मोटरनंच वर आणलेलं असतं.

पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावून फारसं साधत नाही, काच ओलांडून ऊन आत आलेलंच असतं. बाहेरून बांबूचं तट्टं किंवा पंचाहत्तर टक्क्यांची हिरवी शेडनेट लावा, भिंतीपासून वीतभर सोडून. नेट ताणून खिळ्यांना पक्की ठोकू नका. वळवाच्या वावटळीत ती फाटते किंवा खिळ्यांसकट जाते. दोरीनं बांधा, वारं सुटलं की सोडता आली पाहिजे. ज्या वाचकांची घरं पत्र्याची आहेत त्यांच्यासाठी तुराट्यांचा किंवा कडब्याचा वीतभर थर हा जुना उपाय अजूनही सर्वांत स्वस्त आहे. फक्त विजेची तार त्यावरून जात असेल तर अजिबात नको, आणि चूल जवळ असेल तर पत्र्याला चुनाच बरा. कूलर चालू नसेल तेव्हा खिडक्या सकाळी नऊला बंद करायच्या, रात्री नऊला सताड उघडायच्या. अनेक घरांत नेमकं उलटं चालतं.

कूलरबद्दल. एप्रिल-मेमधल्या आपल्या कोरड्या हवेला याच्याइतकं स्वस्त यंत्र दुसरं नाही, पण निम्म्या घरांत तो चुकीचा बसवलेला असतो. कूलर खोलीच्या आत ठेवला की तो तीच दमट हवा फिरवत राहतो आणि अर्ध्या तासात अंग चिकट होतं. तो खिडकीत, पाठ बाहेर करून हवा, आणि समोरच्या बाजूला दार किंवा खिडकी निदान कूलरच्या तोंडाइतकी उघडी हवी. ‘गार हवा बाहेर जाते’ म्हणून लोक दारं लावतात. हवा बाहेर गेल्याशिवाय नवी आत येणारच नाही.

दुसरी अडचण बोअरच्या पाण्याची. क्षार गवतावर पांढरे जमतात, वरच्या पन्हळीची भोकं बुजतात आणि गवताचा काही भाग कोरडा राहतो. हवेला कोरडी वाट मिळाली की ती तिथूनच गरम आत येते. दर पंधरा दिवसांनी भोकांतून दाभण फिरवा, गवत हंगामाच्या सुरुवातीला बदला. तीनही बाजूंचं मिळून तीन-साडेतीनशेत होतं. टाकीतलं पाणी तीन-चार दिवसांनी पूर्ण सोडून द्या, कारण पाणी उडतं आणि क्षार मागं राहून घट्ट होत जातात. शिवाय आठवडाभर साचलेलं पाणी म्हणजे डासांचं घर. सोडलेलं पाणी झाडांना नको, संडासला वापरा. एका रात्रीत साठ-सत्तर लीटर पाणी कूलर सहज पितो. तेव्हा स्लॅब पांढरा करून कूलरचे तीन तास कमी झाले तर विजेसोबत पाणीही वाचतं, आणि टँकरच्या दिवसांत त्याचीच किंमत जास्त.

पत्र्याच्या कूलरला तीन पिनचा प्लग आणि चालू अर्थिंग नसेल तर वाचवलेल्या युनिटांना काही अर्थ नाही. पाणी भरताना प्लग काढायचाच, बटण बंद करून भागत नाही. मृगाच्या सरी सुरू झाल्या की हवा दमट होते आणि कूलर गार करेनासा होतो. तेव्हा पंप बंद, नुसता पंखा ठेवा.

छतपंखे. आबांच्या खोलीतला १८ तास चालतो, म्हणून पहिला तोच बदला. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी) मोटरचा पंखा तेवढाच वारा २८ ते ३५ वॅटमध्ये देतो. ४५ वॅट वाचले, १८ तासांचे महिन्याला २४ युनिट. अडीच-तीन हजारांत मिळतो. तिन्ही एकदम घ्यायची गरज नाही. जो सर्वांत जास्त तास चालतो तो आधी, पाहुण्यांच्या खोलीतला कधीच नाही. बसवताना वायरमनला सांगा की जुना रेग्युलेटर वाटेतून काढून सरळ जोड. बहुतेक बीएलडीसी पंखे जुन्या रेग्युलेटरमागं गुणगुणतात किंवा त्यांचं सर्किट जळतं, आणि दुकानदार ही चूक वॉरंटीत धरत नाही. जुना पंखा हळू फिरत असेल, सुरू व्हायला ढकलावा लागत असेल, तर आधी कंडेन्सर बदलून बघा. बहुतेक पंख्यांना अडीच मायक्रोफॅरडचा लागतो, तरी जुन्यावरचा आकडा बघूनच घ्या; शंभरच्या आत काम होतं. मोठा खोक्याएवढा जुना रेग्युलेटर पंखा हळू केल्यावर हाताला गरम लागतो ना, ती उष्णता म्हणजे तुमचीच वीज.

फ्रीज बदलायची घाई नको. दारात दहाची नोट अडकवून दार लावा आणि नोट ओढा. सहज सरकून आली तर रबर गेलं. चारही बाजूंनी तपासा. साबणाच्या कोमट पाण्यानं पुसून कधी कधी ते पुन्हा धरतं, नाहीतर चार-पाचशेत नवं बसतं. मागं भिंतीपासून पाच-सहा इंच अंतर हवं. बर्फाचा थर पाव इंचाच्या वर गेला की काढा, पण चाकूनं खरवडू नका. आणि पिण्याचं पाणी माठात. सहा माणसांचं वीस लीटर पाणी ३५ अंशांवरून १० वर आणायला रोज पाव युनिटाहून थोडं जास्त लागतं, महिन्याला आठ-नऊ युनिट. वर मुलं दर दहा मिनिटांनी दार उघडतात ते वेगळंच. माठ दर वर्षी नवा घ्या. क्षारानं त्याची छिद्रं बुजली की तो झिरपत नाही, आणि झिरपत नाही तो माठ गार करत नाही. खाली ओली वाळू, जागा वाऱ्याची पण सावलीतली.

मोटर टाकी भरून वाहीपर्यंत चालू राहते का, तेवढं बघा. किती मिनिटांत टाकी भरते हे एकदा घड्याळ लावून मोजलं की मोबाइलचा गजर पुरतो. एप्रिलमध्ये तीच टाकी भरायला दीडपट वेळ लागायला लागला, तर बोअरचं पाणी खाली गेलंय. कोरडी चालून मोटर जळायच्या आधीची ती सूचना समजा.

इन्व्हर्टरची बॅटरी लाइट गेलेली नसतानाही कोमट लागत असेल तर ती म्हातारी झाली आहे; चार्ज धरत नाही आणि रात्रंदिवस वीज पीत बसते. आधी डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा. नळाचं पाणी कधीही नको.

‘वीज बचत यंत्रा’त एक कपॅसिटर आणि एक दिवा असतो. कपॅसिटर पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतली किती कामी येते ते प्रमाण) सुधारतो, आणि त्याचा फायदा मोठ्या कारखान्यांना होतो, कारण त्यांचं बिल त्या हिशेबानं लागतं. घरगुती बिल प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटांवर लागतं. तिथं या खोक्याचा काही उपयोग नाही. उलट त्याचा दिवा तेवढी वीज खातो. दिरांना बोल लावू नका, शिकलेली माणसंही यात फसतात. पण ते प्लगातून काढून टाका.

जाऊबाईंच्या इंडक्शनचं गणित मात्र खरंच बघण्यासारखं आहे. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून भांड्याला जेवढी उष्णता मिळते, तेवढी इंडक्शनवर मिळवायला १३० ते १४० युनिट लागतात. तुमच्या घरी ती उन्हाळ्यात दुसऱ्या-तिसऱ्या थरातली युनिट असतील. १३५ ला तुमच्या बिलावरच्या त्या थराच्या दरानं गुणा आणि सिलिंडरच्या भावाशी ताडून पाहा. गॅसच स्वस्त निघेल. ज्यांचा वापर इंडक्शन धरूनही शंभराच्या आत राहतो, त्यांचं उत्तर वेगळं येऊ शकतं. गॅस वाचवायचाच तर तुरीची डाळ अर्धा-पाऊण तास भिजवून कुकरला लावा, पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करा. ज्योत पिवळी दिसली की बर्नरची भोकं साफ करा. भाकरीला मोठी आच लागतेच, तिथं काटकसर करू नका. भाकरी वातड होईल आणि आबा जेवताना बोलतील.

आता नवऱ्याचा बेत. तापलेल्या स्लॅबखाली दीड टनाचा एसी रात्री आठ तास चालवला तर आठ-दहा युनिट जातील, महिन्याला अडीचशे ते तीनशे. ती तुमच्या ३३० च्या डोक्यावर चढतील, म्हणजे बहुतेक सगळी महागड्या थरांत जाऊन बसतील. एसी घेऊच नका असं म्हणत नाही. घरात आजारी माणूस असेल तर चैन म्हणून त्याकडे बघू नये. पण आधी एक उन्हाळा पांढऱ्या स्लॅबखाली काढून बघा. नंतर घेतला तरी तो २६ अंशांवर, मंद पंख्यासोबत भागेल.

सोलरची गोष्ट चांगली आहे, क्रम चुकतोय. २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून जास्तीला ७८,००० रुपये अनुदान आहे. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतो, वर्षाला चौदाशेच्या आसपास. तुमचा वर्षाचा वापर दोन हजारांच्या थोडा वर दिसतो. बचत झाली की तो अठराशेवर येईल. म्हणजे एक ते दीड किलोवॅट पुरतो. अनुदान जास्त आहे म्हणून तीन किलोवॅट गळ्यात मारून घेऊ नका. आणि ‘बिलच येणार नाही’ हे पूर्ण खरं नाही, स्थिर आकार भरावाच लागतो. गच्चीला चुना द्यायचा तो पॅनल बसायच्या आधी. नंतर खाली हात पोचत नाही.

मीटरची परीक्षा दहा मिनिटांची आहे. घरातलं सगळं बंद करा, फ्रीज, इन्व्हर्टर, सेट टॉप बॉक्ससकट. मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. लुकलुकत राहिला तर एकेक फ्यूज किंवा एमसीबी पाडत जा; जिथं थांबेल त्या लाइनीत गळती आहे. बऱ्याचदा मोटरच्या जुन्या केबलमध्ये किंवा ओल आलेल्या भिंतीतल्या वायरीत सापडते, आणि तिथं शॉकचा धोकाही असतो, म्हणून वायरमनला बोलवायलाच हवं. दिवा थांबला तर पुढची पायरी: मीटरवर ‘३२०० इम्प’ असा काहीतरी आकडा छापलेला असतो, म्हणजे एका युनिटाला तेवढ्या लुकलुकी. हजार वॅटचा हीटर रॉड पाण्याच्या बादलीत बुडवून, मगच बटण दाबा आणि एक मिनिट मोजा. ३२०० च्या मीटरवर साधारण ५३ वेळा दिवा लागला पाहिजे. चाळीसच भरले तर घाबरू नका. व्होल्टेज दोनशेपर्यंत उतरलं असलं की रॉडच साडेसातशे वॅटवर उतरतो. साठ-पासष्टच्या वर गेले आणि व्होल्टेज नेहमीचं असेल, तरच मीटर तपासणीचा अर्ज करा. बिलावरचं ‘चालू रीडिंग’ आणि मीटरवरचा आकडा जुळतो का, हे तर त्याच्याही आधी.

तुमच्या पाच हजारांची वाटणी अशी करता येईल: चुना आणि डिंक ९००, आबांच्या खोलीचा पंखा २,८००, स्वयंपाकघरात वीस वॅटची एलईडी ट्यूब २५०, कूलरचं गवत ३५०, फ्रीजचं रबर लागलंच तर ५००, एखादा कंडेन्सर १००. भाव थोडे पुढे-मागे होतील. यातून महिन्याला ७५ ते ८५ युनिट कमी व्हावेत, म्हणजे सध्याच्या दरांत उन्हाळी बिलातून सुमारे हजार रुपये. पैसे एकदम नसतील तर चुना पहिला, पंखा दुसरा. रबर आणि कंडेन्सर तपासून गरज असेल तरच.

आणि आबांना एक वही द्या. रोज सकाळी सातला, चहाच्या आधी, मीटरचा आकडा आणि कालच्या आकड्याशी फरक. तिसऱ्या रकान्यात ‘पाहुणे होते’, ‘इस्त्री केली’, ‘रात्री लाइट नव्हती’ असं काय ते. पहिले आठ दिवस घरात काहीही बदलू नका, म्हणजे दिवसाला अकरा युनिट हा तुमचा मूळ आकडा पक्का होईल. नवव्या दिवसापासून एका वेळी एकच बदल करा आणि त्याला चार दिवस द्या. चुना आणि पंखा एकाच दिवशी केला तर कशानं किती फरक पडला हे आबांना वहीत दाखवता येणार नाही, आणि मग पुन्हा सगळे बल्बावर येतील.